प्रवेशानंतरचे विद्यापीठ : लिंगभाव, वंश आणि विविधतेची मोजणी

(ही एक लेखी चर्चा आहे. प्रत्येक भागाच्या आरंभी लिहिणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे.)

टाचण

नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झेब्राफिश नावाच्या छोट्या माशांवर संशोधन करत होत्या आणि माशांच्या टाक्यांसाठी त्यांना थोडी जास्त जागा हवी होती. जागा मिळेना आणि आपल्याला इतरांपेक्षा कमी जागा मिळाली आहे हे कुणी मानायलाही तयार होईना, तेव्हा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हातात मापाची टेप घेतली आणि इमारतीतील एकेक प्रयोगशाळा स्वतः मोजून काढली. मापे कागदावर आली तरी लगेच काही हलले नाही. मात्र पुढे इतर प्राध्यापिकांशी बोलणे झाले तेव्हा, जे आपले एकटीचे दुर्दैव वाटत होते ते सगळ्यांच्याच वाट्याला आले आहे, हे प्रत्येकीच्या लक्षात आले. १९९४ मध्ये त्या संस्थेच्या विज्ञान शाखेत कायम पदावर १९४ पुरुष आणि १५ स्त्रिया होत्या. या स्त्रियांच्या पुढाकाराने पगार, जागा आणि निधी यांचा हिशेब मांडला गेला, १९९९ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला आणि हा भेदभाव बव्हंशी वास्तव आहे, निव्वळ समजुतीचा भाग नाही, असे संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीरपणे मान्य केले.

हा प्रसंग मुद्दाम आधी सांगितला, कारण विद्यापीठांतील विविधतेविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा दारातच थांबतो. मुली किती आल्या, कोणत्या वंशाचे किती विद्यार्थी आले, घराण्यात पहिल्यांदाच उच्च शिक्षणाला आलेले किती, हे आकडे दरवर्षी माहितीपत्रकात छापले जातात, आणि ते छापले जावेत असेच माझे मत आहे. परंतु प्रवेश झाल्यानंतर वेळ, जागा, लक्ष, श्रेय आणि कामाचा बोजा यांची जी वाटणी रोज होत असते, तिची नोंद कुठेही राहत नाही. विषमता खरी मुरते ती या लहानसहान वाटण्यांत. ती कुणाच्या एका निर्णयातून आलेली नसते, त्यामुळे तिच्याबद्दल कुणाला जाबही विचारता येत नाही.

चर्चेपूर्वी दोन शब्दांचा खुलासा करते. शरीराने ठरते ते लिंग आणि समाज त्यावर जी वागणूक, अपेक्षा आणि मर्यादा चढवतो तो लिंगभाव, असा फरक मी येथे धरला आहे. वंश या शब्दाबाबत अधिक सावध राहावे लागते. माणसांचे काटेकोर वेगळे करता येतील असे जैविक वंश नाहीत. जनुकीय फरक मुख्यत्वे एकेका गटाच्या आतच आढळतात. तरीही वंश ही सामाजिक वर्गवारी शतकानुशतके कायद्याने आणि बळाने राबवली गेली असल्यामुळे तिचे परिणाम पूर्णपणे खरे आहेत, आणि म्हणूनच तिचा अभ्यास करावा लागतो.

मी अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गाला शिकवते. गेल्या सत्रात एका चर्चासत्राचे संचालन सहकाऱ्याकडे सोपवून मी मागच्या बाकावर बसले आणि एका कागदावर बैठकीचा नकाशा काढून कोण किती वेळा बोलले, कुणाचे बोलणे मध्येच तोडले गेले आणि कुणाचा मुद्दा नंतर दुसऱ्याच्या नावावर गेला, याच्या खुणा केल्या. सत्राच्या पहिल्या दहा मिनिटांत जे चार जण बोलले होते, त्यांच्याच हाती ते सत्र शेवटपर्यंत राहिले. एका विद्यार्थिनीने मांडलेला आक्षेप कुणी उचलला नाही. वीस मिनिटांनी तोच आक्षेप एका विद्यार्थ्याने थोड्या मोठ्या आवाजात मांडला आणि फळ्यावर त्याच्या नावाने लिहिला गेला. तेथे कुणीही दुष्टपणा केला नव्हता. पुढच्या आठवड्यापासून आम्ही एवढेच केले की प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे आणि मगच कुणाला तरी बोलायला सांगायचे. त्या दहा आकड्यांत जे हात वर येऊ लागले ते पूर्वी कधी वर आलेले मी पाहिले नव्हते.

दुसरी वाटणी कामाची. प्रत्येक समितीवर एक स्त्री असावी, अल्पसंख्य गटातील एक तरी व्यक्ती असावी, हा नियम चांगल्या हेतूने केलेला असतो. पण विभागात अशी व्यक्ती एकच असेल तर तीच सहा समित्यांवर जाते, अडचणीत सापडलेले विद्यार्थी तिच्याच दारी येतात, आणि बढतीच्या वेळी मात्र शोधनिबंध तेवढे मोजले जातात. नियमाने जिला वर आणायचे तिचाच संशोधनाचा वेळ नियमाने खाल्ला जातो. माझ्या ओळखीच्या एका सहकारी बाईंनी आपल्या दोन वर्षांच्या दैनंदिनीतून हे तास मोजून विभागप्रमुखांपुढे ठेवले, तेव्हा कुठे त्यांच्या अध्यापनाच्या तासिका कमी झाल्या.

आपण शिकताना, शिकवताना किंवा संशोधन करताना अशा कोणत्या वाटण्या पाहिल्या, आणि त्या मोजता येतील असे आपल्याला वाटते का, हे मला जाणून घ्यायचे आहे.


नदीकाठ

टाचण, तुमच्या मोजणीवरून मला एका निकालाची आठवण झाली. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला सीनिअर रँग्लर म्हणत. आपल्याला हा शब्द रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे ठाऊक आहे. १८९९ मध्ये हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि रँग्लर ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. त्याआधी नऊ वर्षे, १८९० मध्ये, केंब्रिजमधील स्त्रियांच्या न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांनी त्याच परीक्षेत सर्वांत अधिक गुण मिळवले होते. स्त्रियांना परीक्षेला बसण्याची मुभा होती, पण त्यांचा क्रम पुरुषांच्या यादीत लावला जात नसे. त्यामुळे फॉसेट यांचे स्थान 'सीनिअर रँग्लरच्या वर' असे जाहीर झाले आणि किताब त्यांच्या खालोखाल गुण मिळवणाऱ्या पुरुषाकडे गेला. पदवी त्यांना मिळालीच नाही. १८९७ मध्ये स्त्रियांना पदव्या देण्याच्या प्रस्तावावर मतदान झाले तेव्हा विरोधकांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीची प्रतिकृती भर रस्त्यात टांगली होती, आणि प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या दिल्या १९२० पासून आणि केंब्रिजने १९४८ पासून. फॉसेट त्याच वर्षी वारल्या.

वसाहतीतून आलेल्या परांजप्यांना जो किताब मिळू शकला तो फॉसेट या ब्रिटिश मंत्र्याच्या मुलीला मिळू शकला नाही, ही गोष्ट मला फार विचारात टाकते. त्या काळी वंशभेद नव्हता असा याचा अर्थ मुळीच नाही. भेदभावाची दारे निरनिराळ्या जागी असतात आणि एकाच माणसाला ती एकामागून एक भेटू शकतात, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतील कायदेतज्ज्ञ पॉली मरे यांचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. १९३८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने त्या कृष्णवर्णीय आहेत म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. पुढे मुख्यतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या हॉवर्ड विद्यापीठातून १९४४ मध्ये त्या कायद्याच्या परीक्षेत पहिल्या आल्या, त्यांच्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. पुढील अभ्यासासाठी त्यांनी हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाकडे अर्ज केला, तेव्हा तो त्या स्त्री आहेत म्हणून फेटाळला गेला. एका दारावर वंश विचारला गेला, दुसऱ्यावर लिंग.

१९८९ मध्ये किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी अशा अनुभवाला 'इंटरसेक्शनॅलिटी' हे नाव दिले. मराठीत त्याला आंतरछेदिता म्हणतात. त्यांनी एका मोटार कंपनीच्या खटल्याचे उदाहरण घेतले होते. कंपनी कृष्णवर्णीय पुरुषांना कारखान्यात घेत होती आणि गौरवर्णीय स्त्रियांना कार्यालयात, म्हणून वंशभेदही नाही आणि लिंगभेदही नाही, असा निष्कर्ष निघत होता. कृष्णवर्णीय स्त्रिया मात्र दोन्हीकडून बाहेर राहिल्या होत्या. तुमच्या माहितीपत्रकांतील आकड्यांचा दोष हाच आहे. मुली किती आणि अमुक वंशाचे किती, असे दोन स्वतंत्र रकाने भरले की दोन्ही रकान्यांत बसणारी मुलगी कोठेच दिसत नाही.


उंबरा

मी परदेशात शिकले. विभागात माझ्या देशाची मी एकटीच होते, आणि पहिल्या वर्षी माझ्यावर जो ताण आला त्याला तेव्हा माझ्याकडे नाव नव्हते. चर्चा स्त्रियांच्या शिक्षणाची असो, धर्माची असो किंवा दारिद्र्याची, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळत आणि 'तुमच्याकडे याबद्दल काय म्हणतात' असे विचारले जाई. प्रश्न विचारणारे सज्जन होते आणि त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. पण मी त्या विषयावर काय वाचले आहे आणि माझे काय मत आहे, हे मात्र कुणी विचारत नसे. शेजारच्या बाकावरील मुलगा चुकला तर तो एकटा चुकत असे. मी चुकले तर एवढ्या मोठ्या लोकसंख्येची समजूत चुकीची ठरेल या धास्तीने मी बोलणेच टाळू लागले. टाचण यांनी त्यांच्या कागदावर माझ्या नावापुढे शून्य मांडले असते.

हजेरी घेताना आमचे एक प्राध्यापक यादीत माझ्या नावापाशी आले की थबकत आणि वर पाहत. ते अडखळण्याच्या आतच मी हात वर करून 'उपस्थित' म्हणत असे. पुढे सगळेच मला नावाच्या पहिल्या अक्षराने हाक मारू लागले आणि त्यात सोय आहे असे मीही मानून घेतले. पदवीदान समारंभाच्या आदल्या दिवशी नावे वाचणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला एक कार्ड दिले आणि नाव जसे उच्चारायचे तसे त्यावर फोडून लिहायला सांगितले. माझे कार्ड हातात घेऊन त्यांनी ते नाव माझ्यासमोर तीनदा म्हणून पाहिले आणि एक स्वर कुठे लांबवायचा हे विचारून घेतले. दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर माझे पूर्ण नाव बिनचूक उच्चारले गेले, तेव्हा त्या वास्तूत ते पहिल्यांदाच उच्चारले जात होते.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तिची मोजणी सहज करता येईल. प्राध्यापकांच्या दारावर 'ऑफिस अवर्स' म्हणून दोन तास लिहिलेले असत. ते त्यांचे कार्यालयीन कामाचे तास असून त्या वेळी जाऊन त्रास देऊ नये, अशी माझी पूर्ण एक वर्ष समजूत होती. ते तास विद्यार्थ्यांच्या शंकांसाठीच ठेवलेले असतात हे ज्यांच्या घरात कुणी आधी शिकलेले होते त्यांना सांगावे लागले नाही. अशा न लिहिलेल्या नियमांची विद्यापीठे भरलेली असतात: शिफारसपत्र कधी मागायचे, मुदत वाढवून मागता येते की नाही, प्राध्यापकांना काय म्हणून संबोधायचे. दारावर 'शंकासमाधानाची वेळ' असे लिहिले असते तर माझे एक वर्ष वाचले असते.


कसोटी

आतापर्यंतचे अनुभव वाचून मी अस्वस्थ झालो आहे आणि त्यांच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. तरीही काही आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पहिला असा की स्वतःच्या वर्गात खुणा करून काढलेला निष्कर्ष हा पुरावा म्हणून अपुरा आहे. निरीक्षकाला जे शोधायचे आहे तेच दिसण्याचा धोका असतो. या क्षेत्रातील काही गाजलेले प्रयोगही फार लहान गटांवर झालेले आहेत. विद्यार्थी प्राध्यापिकांना कमी गुण देतात हे दाखवणाऱ्या एका प्रयोगात ऑनलाइन वर्गातील साहाय्यक शिक्षकांनी आपली स्त्री-पुरुष ओळख परस्परांत बदलून पाहिली होती. कल्पना उत्तम होती, परंतु विद्यार्थी पन्नासही नव्हते. नकारात्मक रूढ समजुतींच्या दडपणाने परीक्षेतील कामगिरी घसरते, या १९९५ पासून मांडल्या गेलेल्या सिद्धान्ताचे परिणामही नंतरच्या मोठ्या चाचण्यांत नेहमी तितके ठळक आढळले नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. विद्यापीठाचे पहिले काम ज्ञाननिर्मिती हे आहे. निवड करताना माणसाचा वंश किंवा लिंग लक्षात घेणे हाच जर अन्याय असेल, तर तो दूर करण्यासाठी पुन्हा तेच लक्षात घेणे कसे समर्थनीय ठरते? गुणवत्तेची फूटपट्टी सर्वांना एकच असावी असे मानणारा माणूस केवळ त्या मानण्यामुळे भेदभावाचा समर्थक ठरत नाही, एवढे तरी येथे मान्य व्हावे.


टाचण

कसोटी, ते मला मान्य आहे, आणि माझा कागद पुरावा नाही हेही मान्य आहे. तो कागद माझ्या वर्गापुरता आरसा होता. लहान नमुन्यांबाबतचा आपला आक्षेप मी तसाच्या तसा स्वीकारते. म्हणूनच थोड्या मोठ्या प्रयोगाचा आधार देते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील विज्ञान विभागांच्या १२७ प्राध्यापकांकडे प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला गेला. अर्ज अक्षरशः एकच होता, फक्त निम्म्या प्रतींवर नाव जॉन होते आणि निम्म्यांवर जेनिफर. जॉन अधिक पात्र ठरला आणि त्याला सुचवलेला वार्षिक पगार सरासरी ३०,२३८ डॉलर होता, तर जेनिफरला २६,५०८ डॉलर. परीक्षक स्त्री असो वा पुरुष, कल सारखाच होता. फूटपट्टी सर्वांना एकच असावी असे मीही म्हणते. माझी अडचण अशी आहे की एकाच फूटपट्टीवर वाचणारे डोळे दोन वेगळे आकडे वाचतात.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला सोपे उत्तर नाही आणि देशोदेशीच्या कायद्यांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. अमेरिकेत १९७८ च्या 'बाकी' (Bakke) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात एका वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा राखून ठेवल्या होत्या त्या रद्द झाल्या, पण अनेक घटकांपैकी एक म्हणून वंशाचा विचार करण्यास मुभा राहिली. ती मुभा २००३ मध्ये कायम झाली आणि जून २०२३ मध्ये हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने ती जवळजवळ संपुष्टात आणली. पॉली मरे यांना जेथून परत पाठवले गेले त्याच या दोन संस्था. ब्राझील नेमक्या उलट दिशेने गेला. तेथे २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांतील निम्म्या जागा सरकारी शाळांतून आलेल्यांसाठी ठेवल्या, आणि त्यांच्या आत उत्पन्न व वंश यांचे प्रमाण त्या त्या राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे ठरवले. वंश कोणता हे विद्यार्थ्याने स्वतः सांगायचे असते. त्याचा गैरफायदा घेतला जाऊ लागला तेव्हा अनेक विद्यापीठांना समित्या नेमून उमेदवारांचे दावे तपासावे लागले. चेहरा पाहून वंश ठरवणाऱ्या समितीचे दृश्य मला अत्यंत अवघड वाटते, आणि तरीही त्या कायद्यामुळे जे विद्यार्थी विद्यापीठात पोहोचले त्यांच्यापुढे ते चूक होते असे म्हणण्याची माझी तयारी नाही. या दोन वाक्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

ज्ञाननिर्मिती हे पहिले काम, हा आपला मुद्दा मात्र मी माझ्याच बाजूने वापरू इच्छिते. त्याबद्दल वैद्यकशास्त्रातील कुणी लिहिले तर फार बरे होईल.


नाडीपरीक्षा

मी वैद्यकीय अध्यापनात आहे, म्हणून लिहिते. आम्ही शिकत असताना पाठ्यपुस्तकातील 'प्रौढ मनुष्य' हा सत्तर किलो वजनाचा पुरुष असे. तो कुणी निवडला आणि का, हे आम्ही कधी विचारले नाही. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रियांच्या शरीरातून अधिक संथ गतीने बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवताना धोका उद्भवतो, हे ध्यानात आल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकांनी स्त्रियांसाठी शिफारस केलेली मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली. साल होते २०१३, आणि तोवर ते औषध वीस वर्षांपासून बाजारात होते.

बोटाला चिमट्यासारखे लावून रक्तातील प्राणवायू मोजायचे ऑक्सिमीटर कोविडच्या काळात घराघरांत पोहोचले. ते यंत्र त्वचेतून प्रकाश पाठवते, आणि गडद त्वचेत तो प्रकाश अधिक शोषला जातो. २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की यंत्र प्राणवायू पुरेसा दाखवत असताना प्रत्यक्षात तो धोकादायक रीतीने कमी असण्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरच्या मनात कोणताही आकस नसला तरी त्याच्या हातातील आकडा चुकीचा होता. मी आता हे यंत्र शिकवताना वर्गातील निरनिराळ्या वर्णाच्या विद्यार्थ्यांची बोटे प्रकाशासमोर धरायला सांगते; एका मिनिटात मुद्दा पोहोचतो.

वंशाचा उलटा गैरवापरही आमच्याच शास्त्रात झाला. मूत्रपिंडाचे कार्य रक्तचाचणीवरून काढण्याच्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला एका गुणकाने वाढवले जाई, त्यामुळे आजार प्रत्यक्षाहून सौम्य दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागण्याची शक्यता असे. तो गुणक २०२१ मध्ये सूत्रातून काढण्यात आला. त्वचेचा रंग प्रकाशाच्या मार्गात येतो हे भौतिक सत्य आहे आणि ते तपासले गेले नाही. मूत्रपिंडाला वंश असतो हे असत्य होते आणि ते सूत्रात बसले. प्रश्न विचारणारी माणसे एकाच साच्यातील असली की अशा दोन्ही चुका होतात, म्हणून कसोटी यांचा ज्ञाननिर्मितीचा आग्रह मला विविधतेच्या विरोधातला वाटत नाही.

उंबरा यांचे वाचताना १८८५ सालचे एक छायाचित्र डोळ्यांपुढे आले. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात बसल्या आहेत: आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबूली. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये स्त्रियांना घेत नव्हती म्हणून हे वेगळे महाविद्यालय निघाले होते, आणि तीन देशांतील मुली एका बाकावर आल्या त्या तिथे.


अनुस्वार

टाचण यांनी आरंभी लिंग आणि लिंगभाव यांतला फरक सांगितला. मराठीत लिहिणाऱ्याला हा फरक रोज हाताळावा लागतो, त्याबद्दल लिहावेसे वाटले.

स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी काहीच न मानणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे विद्यापीठाचा अर्ज पहिल्याच पानावर अडतो. नाव बदललेले असेल तर ग्रंथालयाच्या ओळखपत्रावर एक, गुणपत्रिकेवर दुसरे आणि हजेरीपटावर तिसरेच, अशी स्थिती होते, आणि प्रत्येक खिडकीवर अनोळखी माणसाला स्वतःचे आयुष्य समजावून सांगावे लागते. संशोधकांपुढे तर जुन्या शोधनिबंधांवरील नावाचा प्रश्न असतो. २०२० नंतर अनेक प्रकाशनसंस्थांनी आधी छापलेल्या निबंधांवरील नाव बदलून देण्याची सोय केली, हा लहान बदल नव्हे. पूर्वी आपल्याच कामाचे श्रेय घ्यायचे तर जुने नाव उघड करावे लागे.

पण मला सांगायचे आहे ते भाषेबद्दल. विद्यापीठीय संशोधनात निबंध तपासणाऱ्याला लेखकाचे नाव कळू देत नाहीत, म्हणजे नावावरून ग्रह होऊ नये. इंग्रजीत नाव झाकले की लेखक स्त्री आहे की पुरुष हे झाकले जाते. मराठीत 'मी येथे असे मांडतो' किंवा 'मांडते' असे लिहिले की नाव झाकूनही उपयोग राहत नाही, कारण क्रियापदच सांगून मोकळे होते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक असतो, तेथेही तेच घडते. एका परीक्षेनंतर आम्ही काही सहकाऱ्यांनी पडताळून पाहिले, तर निबंधवजा उत्तरांपैकी बहुतेकांत पहिल्या दोन परिच्छेदांतच लेखकाचे लिंग उघड झाले होते.

यावर उपायही मराठीतच आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्त्याकडे पाहत नाही: मी पाहिले, मी मोजले, मी आक्षेप नोंदवला. भविष्यकाळही तसाच: मी तपासेन, मी लिहीन. मला वाटले, मला आढळले, अशी रचनाही आपल्याला जन्मापासून येते. हा संपूर्ण प्रतिसाद मी अशाच रूपांनी लिहिला आहे आणि तो वाचताना आपल्याला काही खटकले नसावे अशी आशा आहे. सर्वांनी असेच लिहावे असा माझा आग्रह नाही. 'मी मांडते' असे लिहिणाऱ्या बाईंनी ते अभिमानाने लिहावे. निवड करण्याची मोकळीक भाषेत आधीपासून आहे, एवढे विद्यार्थ्यांना कुणीतरी शिकवले पाहिजे. मला ते कुणी शिकवले नव्हते.


नदीकाठ

अनुस्वार, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि दुसऱ्या वेळी क्रियापदे तपासत वाचला. शोधनिबंध लिहायला शिकवणाऱ्या प्रत्येक मराठी कार्यशाळेत हे सांगितले जायला हवे.

अभ्यासक्रमाबद्दल एक भर घालतो. स्त्री-अभ्यास किंवा वंश-अभ्यास हे विषय विद्यापीठांनी आपण होऊन सुरू केले असा समज असतो. सॅन फ्रान्सिस्को स्टेट येथे नोव्हेंबर १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी संप पुकारला, तो मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. सॅन डिएगो स्टेट येथे १९७० मध्ये स्त्री-अभ्यासाचा विभाग सुरू झाला, तोही विद्यार्थिनी आणि प्राध्यापिकांनी रेटा लावला म्हणून. आपल्या आयुष्याबद्दलचे ज्ञान अभ्यासक्रमात नाही हे ज्यांच्या लक्षात आले तेच ते मागायला उभे राहिले.


कसोटी

नाडीपरीक्षा यांनी दिलेली उदाहरणे मला निरुत्तर करणारी आहेत. माझा गुणवत्तेचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण ज्ञाननिर्मिती आणि विविधता यांना मी परस्परविरोधी मानत होतो ते चुकीचे होते. टाचण यांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी खुणा करण्याचे काम दोन जणांनी एकमेकांचा कागद न पाहता करावे आणि मग दोन्ही कागद ताडून पाहावेत. दोघांच्या खुणा जुळल्या तर माझा पहिला आक्षेप बराचसा गळून पडेल.


टाचण

कसोटी, सूचना उत्तम आहे आणि मी ती अमलात आणणार आहे. दुसरा कागद आपल्यासारखा शंका घेणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती देईन. नदीकाठ यांच्या म्हणण्याप्रमाणे रकानेही वेगळे आखते आहे. आधी मी विद्यार्थी आणि विद्यार्थिनी एवढेच दोन रकाने केले होते. आता प्रत्येक बाकाची नोंद स्वतंत्र ठेवून बेरीज शेवटी करायची, म्हणजे कुणी दोन रकान्यांच्या मध्ये हरवणार नाही. मात्र कुणाचा वंश, कुणाचे लिंग हे मी पाहून ठरवणार नाही. ब्राझीलच्या समित्यांबद्दल लिहितानाच मला कळले होते की माझ्या पहिल्या कागदावर मी नेमके तेच केले होते. विद्यार्थ्यांना सत्राच्या सुरुवातीला कोरे कार्ड देऊन, स्वतःबद्दल त्यांना जे नोंदवावेसे वाटेल तेवढेच त्यावर लिहायला सांगेन. त्याच कार्डावर उंबरा यांच्या पदवीदान समारंभातील बाईंप्रमाणे नावाचा उच्चार फोडून लिहायलाही जागा ठेवते.

दारावरची पाटी आज सकाळीच बदलली. आता तिच्यावर 'शंकासमाधान : दुपारी ३ ते ५, आधी न कळवता यावे' असे लिहिले आहे. पाटी लावून मी किल्ली शोधत होते तेवढ्यात पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी ती वाचून थांबली आणि हे तास आधीपासूनच होते का, असे तिने विचारले. होते, असे सांगितल्यावर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, आणि मग आजच येऊ का, असे म्हणाली.